पलीकडची मिरवणूक

"हजार माणसांनी बघितला म्हणतोस ना, मग त्यातलं एक माणूस आण की," फौजदार म्हणाला आणि कानात काडी घालून डोळे मिटून घेतले.

धोंडिराम वस्ताद टोपी हातात धरून उभे होते. त्यांच्या मागं मी, आणि माझ्या मागं दाराची चौकट धरून हौसा. आतल्या कोठडीत हौसाचा नवरा, भगवान. तो खोकला की आम्हा तिघांच्या माना एकदम तिकडं वळायच्या.

"साहेब," वस्ताद म्हणाले, "विहिरीवरची मोटार गेली बुधवारी रातच्याला. बुधवारी आमचा अख्खा बँड रणनवऱ्यांच्या वरातीत हुता. दादासाहेबांच्या पुतणीचं लगीन. ह्यो भगवान साईड ड्रम वाजवत हुता, पार उजाडस्तवर."

"कुणी बघितला?"

"साऱ्या गावानं. खुद्द दादासाहेब नाचत हुते की त्याच्या म्होरं. हातभर अंतरावर."

"विचारलं मी दादासाहेबांना." फौजदारानं काडी दुसऱ्या कानात घातली. "ते म्हणाले, बँड होता. बँडात कोण होतं ते आपल्याला काय ठाऊक?"

"आसं कसं साहेब?"

"अरे बाबा, बँडवाल्याचं तोंड कोण बघतं? लाल डगला दिसतो, पितळ दिसतं. आज तू डगला घातला नाहीस तर मला तूच ओळखू येईनास."

हवालदार खो खो हसला. आणि मला सांगायला आजही जड जातं, वस्तादही हसले. मान खाली घालून, खांदे हलवत. हौसा तेवढी हसली नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मामा, हसायला काय झालं हुतं?"

"अगं, साहेब हसला की हसावं. आपलं काय जातं?"

"तुमचं न्हाई जात. आत हाय त्यो माझा हाय."

आता हे आधी समजून घ्या, की कासारगावाला ओढा होता आणि ओढ्याच्या पलीकडं आम्ही होतो. मांग, महार, ढोर, चांभार, सगळी आमचीच वस्ती. आम्ही तिला क्रांतीनगर म्हणायचो, नगरपालिका वॉर्ड सात म्हणायची आणि गाव नुसतंच 'पलीकड' म्हणायचं. "कुठला रे तू?" "पलीकडचा." संपलं, पुढं विचारायचं काही उरायचं नाही. गावाला जे जे लागायचं ते पलीकडनं यायचं. झाडूवाले पलीकडचे, चपला पलीकडच्या, बाळंतिणीची सुईण पलीकडची. आणि पंचक्रोशीतला एकमेव 'नवरत्न ब्रास बँड'ही पलीकडचाच.

काय बँड होता महाराजा! आमचे लाल डगले एका बुडालेल्या सर्कशीकडनं घेतलेले. माझ्या डगल्याला अजून सिंहाचा वास यायचा. पावसाळी हवेत तर इतका, की लग्नातली कुत्री मला बघून मांडवाखाली शिरायची. मी क्लॅरिनेट वाजवायचो. माझी क्लॅरिनेट ऐकून पाटलाची भाकड म्हैस पान्हवली होती. पाटील गेला, म्हैस गेली, नाहीतर साक्षीला उभी केली असती. वस्तादांचा ट्रंपेट, बाळ्या ढोराचा मोठा ढोल, आणि या सगळ्यांच्या मधोमध भगवान अवघड्याचा साईड ड्रम. भगवाननं काड्या हातात घेतल्या की लंगड्या माणसालाही पाय फुटायचे.

त्याच भगवानला एक खोड होती. तो विचारायचा. आमच्या वस्तीच्या विहिरीवर नगरपालिकेनं पंपाची मोटार बसवली होती. एका सकाळी मोटार जागेवर नाही. बाया दोरीनं पाणी ओढायला लागल्या. आता, मोटारीला पाय फुटून ती रणनवऱ्यांच्या उसात शिरली, हे पलीकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं; उसातनं तिचा आवाजच यायचा. पण माहीत असणं वेगळं आणि विचारणं वेगळं. भगवान नगरपालिकेच्या आवारात जाऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "आमची मोटार कुणाच्या उसाला पाणी पाजतीया?" आठवडा गेला नाही तोवर मोटार भगवाननंच चोरली असं ठरलं आणि पोलीस त्याला जेवत्या ताटावरनं उठवून घेऊन गेले.

त्यातच नगरपालिकेची निवडणूक आली. दादासाहेब रणनवरे नगराध्यक्षपदाला उभे. त्यांच्या घराण्यातला कुणी कधी ओढा ओलांडून आमच्याकडं आला नव्हता. मतं मागायलासुद्धा दादासाहेब फरशीपुलाच्या अलीकडच्या टोकाला खुर्ची टाकून बसत आणि आम्ही पलीकडच्या टोकाला उभं राहून ऐकत असू. मधून ओढा वाहायचा, त्यामुळं आश्वासनं वाहून जायची सोय आयतीच होती.

त्या वर्षी हौसा फरशीच्या मध्यापर्यंत गेली. "दादासाहेब, मतं घ्या, पर माझा माणूस सोडा."

"निकालाच्या दिवशी तुझा नवरा तुझ्या घरात," दादासाहेब म्हणाले. "रणनवऱ्याचा शब्द आहे."

पलीकडनं एकगठ्ठा मतं दिली. गावात दादासाहेब मागंच होते, वॉर्ड सातच्या पेट्या उघडल्या आणि ते निवडून आले. हौसानं घर सारवलं, दारात रांगोळी घातली. भगवान काही आला नाही. ती वाड्यावर गेली तर दिवाणजीनं पायरीवरनंच सांगितलं, "कायद्याचं काम आहे बाई. सोमवारी त्याला जिल्ह्याच्या तुरुंगात हलवणार आहेत. अध्यक्ष तरी काय करतील?"

मत एकदा पेटीत पडलं की परत काढता येत नाही. आमच्याकडं एवढी एकच वस्तू होती त्यांना लागणारी, आणि ती देऊन बसलो होतो.

अशात रविवारच्या विजयी मिरवणुकीसाठी बँड ठरवायला वाड्यावरनं माणूस आला आणि धोंडिराम वस्तादांनी सुपारी घेतली.

पलीकड पेटलं. मी वस्तादांच्या घरी गेलो तर ते ट्रंपेटला राख लावून घासत बसले होते. "वस्ताद, लाज हाय का? भगवान आत कुजतोय आणि आपण त्या माणसाच्या म्होरं नाचायचं?"

"नाचायचं न्हाई. वाजवायचं."

"मी येत न्हाई."

"तायाप्पा," ते मान वर न करता म्हणाले, "तू आलास तर बरं हुईल. माझ्या शेजारी चालायला दमाचा माणूस लागंल."

"आणि साईड ड्रम? कोण वाजवणार?"

"कुणी न्हाई. त्याची जागा मोकळी ठेवू."

तेवढ्यात हौसा दारात आली. तिनं वस्तादांकडं बघितलं, घासलेल्या पितळेकडं बघितलं आणि उंबऱ्यावर थुंकली. "मामा, माझा बा गेला तवा तुम्ही मला मांडीवर घेतलं हुतं. ती मांडी आज धुऊन काढा." वस्ताद नुसते घासत राहिले. मी गेलो तो वस्तादांसाठी नव्हे. बँड मोडला तर पुढल्या लगीनसराईत खायचं काय, या भीतीनं गेलो.

रविवारी दुपारी मिरवणूक मार्केट यार्डातनं निघाली. पुढं आम्ही, मागं उघडी जीप. जीपमध्ये हारांत बुडालेले दादासाहेब. नाक आणि मिशा तेवढ्या वर. शेजारी मुंबईहून आलेले मंत्रीसाहेब, गोरेपान, गालात पान आणि जीव घाईत, कारण पुढच्या गावात त्यांची सभा होती. जीपबरोबर काठी घेऊन फौजदार. आणि मागं गुलालात नाचणारं अख्खं कासारगाव. रस्ता ठरलेला होता: मारुतीच्या चौकातनं उजवीकडं वळायचं, देवळात नारळ फोडायचा आणि नगरपालिकेसमोर सभा.

चौक आला. ट्रंपेट तोंडाला लावलेले वस्ताद, ज्यांनी जन्मात कुणाच्या शेतातल्या बांधावरनंसुद्धा पाऊल चुकू दिलं नव्हतं, ते डावीकडं वळले.

मला वाटलं म्हातारा चुकला. मी कोपरानं ढोसलं. ते वाजवतच राहिले. डोळे तेवढे माझ्याकडं फिरवले, आणि ते डोळे मी याआधी कधी बघितले नव्हते. मग मीही वळलो. माझ्यामागं बाळ्याचा ढोल वळला. बँड वळला म्हणून जीप वळली. जीप वळली म्हणून गाव वळलं. नाचणारा माणूस रस्ता बघत नाही, तो ढोलामागं जातो.

"ए, इकडं कुठं?" फौजदार ओरडला. पण बाळ्यानं ढोलावर असा टोला घातला की फौजदाराचा आवाज त्याच्याच घशात परत गेला. चौकापासनं ओढ्यापर्यंत उतार, दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, मागं गुलालात धुंद झालेली हजार माणसं. जीपला मागं येता येईना. दादासाहेब हार बाजूला सारत ड्रायव्हरला म्हणाले, "थांबव!" ड्रायव्हर म्हणाला, "थांबवली तर मागचे अंगावर येतील." अशा रीतीनं रणनवऱ्यांच्या घराण्यातला पहिला माणूस फरशी ओलांडून पलीकडं आला. बसून आला, पण आला.

वस्ताद थेट हौसाच्या दारात जाऊन थांबले आणि त्यांनी हात वर केला. बँड बंद. जीप बंद. मागच्या नाचणाऱ्यांना आपण कुठं आलोय हे तेव्हा कळलं आणि सगळे गप्प झाले. पलीकडची माणसं दारादारांत उभी.

"हौसा," वस्ताद म्हणाले. "दारात मिरवणूक आलीया. ताट घेऊन ये."

हौसानं क्षणभर वस्तादांकडं बघितलं. मग ती आत गेली. आमच्या भागात रीतच आहे ती. मिरवणूक दारात थांबली की घरच्या सवाशिणीनं ओवाळायचं, आणि ओवाळून घेणारानं ताट खाली होईपर्यंत जागचं हलायचं नाही. मध्येच हलला तर त्याच्या यशाला ओहोटी लागते म्हणतात. निवडून आलेल्या माणसाला यश जायची भीती फार.

हौसा ताट घेऊन आली. पितळी ताटही नव्हतं, जर्मनचं होतं. करडईच्या तेलाचा दिवा, कुंकवाचा करंडा. ती जीपशी गेली, कुंकू बोटावर घेतलं. दादासाहेबांची मान आपोआप मागं गेली. साऱ्या वस्तीनं ते बघितलं. मंत्रीसाहेबांनीही बघितलं, आणि मुरलेला पुढारी तो, स्वतःचंच कपाळ पुढं केलं, "लाव ताई, लाव. वॉर्ड सातची मतं ना ही?" मंत्र्यानं लावून घेतल्यावर अध्यक्ष काय करणार? त्यांच्याही कपाळावर पलीकडचं कुंकू लागलं.

हौसा ओवाळू लागली. दादासाहेबांनी झटकन खिशातनं नोट काढून ताटात टाकली. हौसानं ती उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"पैसं नगंत, दादा. भैन म्हणून ववाळतीया मी, ओवाळणी मागून घीन."

"माग, माग," मंत्रीसाहेब घड्याळ बघत म्हणाले.

"एक शबुद द्या. तुमच्या पुतणीच्या वरातीत माझा मालक वाजवत हुता का नव्हता? तेवढंच सांगा."

दादासाहेबांचा चेहरा गुलालाखालीही पांढरा झालेला मला दिसला. "हे बघ, ते कायद्याचं काम—"

"कायदा न्हाई इचारत. वरातीचं इचारतीया."

"आता एवढ्या माणसांत... मला नाही आठवत."

"बरं," हौसा शांतपणे म्हणाली. "आठवस्तवर ओवाळते."

आणि ताट फिरत राहिलं. मंत्रीसाहेबांनी पान गिळलं. फौजदार पुढं आला तर बाया आपोआप एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या आणि त्याला वाट उरली नाही.

तेव्हा वस्तादांनी ट्रंपेट उचलला. माझ्याकडं बघून पुटपुटले, "वरातीची." वरातीच्या शेवटी वाजवायची एक खास चाल होती आमची, त्यांनी स्वतः बसवलेली. त्या चालीत एक जागा यायची. सगळी वाद्यं एकदम गप्प आणि एकटा साईड ड्रम: तर्रर्र कड कड, तर्रर्र कड कड, धाड! तिथं नाचणारे गुडघ्यांवर बसायचे. दादासाहेबांनी पुतणीच्या वरातीत ही चाल पाच-सहा वेळा पुन्हा पुन्हा वाजवून घेतली होती.

आम्ही वाजवू लागलो. ती जागा आली. आम्ही गप्प झालो. तिथं कुणीच नव्हतं. नुसतं भोक. उघड्यावर नागडं झाल्यासारखं वाटलं मला. पुन्हा सगळे सुरू झालो.

दुसऱ्यांदा ती जागा आली, आम्ही थांबलो, आणि कुठूनतरी आवाज आला. बारीक, काचेवरचा. तर्रर्र कड कड. मी चमकून बघितलं. दादासाहेबांचा अंगठ्यांनी भरलेला हात जीपच्या काचेवर होता आणि बोटं आपली आपण वाजत होती. त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं. त्यांची नजर हौसाच्या दिव्यावर खिळलेली.

वस्तादांनी तिसऱ्यांदा ती जागा येऊ दिली आणि हात वर करून बँड पुन्हा सुरूच होऊ दिला नाही. बोटं थांबली नाहीत. तर्रर्र कड कड, तर्रर्र कड कड, धाड! एकही मात्रा इकडची तिकडं नाही.

मंत्रीसाहेब मोठ्यानं हसले. "अहो अध्यक्ष, तुम्हाला तर तोंडपाठ आहे!"

"कुणाचं बघून शिकलासा, दादा?" हौसानं विचारलं. ताट फिरतच होतं.

दादासाहेबांनी काचेवरचा हात असा काढून घेतला की जणू काच तापली होती. मग त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं, तिच्या तोंडाकडं बघितलं. म्हणाले, "होता."

"काय म्हणालात? मोठ्यानं सांगा, मला पुढं जायचंय," मंत्रीसाहेब म्हणाले.

"होता तो. भगवान." आणि कुणी विचारलेलं नसताना, थकल्यासारखे पुढं बोलले, "ती जागा वाजवताना जीभ बाहेर काढतो. डाव्या बाजूला."

साऱ्या पलीकडला ठाऊक असलेली खोड ती. बाळ्या ढोर फस्सकन हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. त्या दिवसापासनं मी कुणाच्या 'मला काय ठाऊक'वर विश्वास ठेवत नाही. हातभर अंतरावरनं माणसानं माणसाची जीभसुद्धा बघितली होती.

हौसानं ताट खाली घेतलं.

मंत्रीसाहेबांनी नुसतं फौजदाराकडं बघितलं. फौजदारानं हवालदाराकडं बघितलं. हवालदार सायकलवर टांग मारून गेला. मोटारीचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही; चार दिवसांनी ती आपल्या पायांनी उसातनं चालत आली आणि विहिरीवर जाऊन बसली, एवढंच. त्यानंतर दोन लगीनसराया गावानं आम्हाला एक सुपारी दिली नाही, परगावचा बँड आणला. वस्ताद म्हणायचे, "बरं झालं, ट्रंपेटला आराम." गेले बिचारे. आता वरातीत भिंतीएवढे कर्णे लावतात, कानाचे पडदे फाटतात, आणि कुणी वळला तरी मागचे कुठं वळतात कोण जाणे.

पण ती दुपार. हवालदाराच्या सायकलच्या मागं बसून भगवान आला. ओठ फुटलेला, बोटं केळ्यांसारखी सुजलेली. गर्दीनं वाट दिली. तो सरळ आमच्याकडं आला, त्याच्या मोकळ्या जागेत उभा राहिला आणि म्हणाला, "वस्ताद, कुठली चाल चाललीया?"

वस्तादांनी ट्रंपेट काखेत धरला आणि भगवानच्या खांद्यावरची धूळ झटकत राहिले. हौसा त्यांच्या पायाशी वाकली. वर उठून नवऱ्याचं मनगट धरलं. "चाल ऱ्हाऊ द्या. आधी जेवा. त्या दिसाचं ताट तसंच ऱ्हायलंय."

"अगं पण मिरवणूक..."

"मिरवणूक थांबंल."

भगवान उंबऱ्यावर बसला. हौसानं भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास पुढं ठेवलं. सुजलेल्या बोटांनी तो घास मोडू लागला, सावकाश, एकेक. आम्ही वाद्यं खाली ठेवून धुळीत बसलो. जीपमध्ये हारांतलं नाक आणि मिशा उन्हात तापत होत्या.

"अरे, वाजवा की! निघू या!" मंत्रीसाहेब ओरडले.

धोंडिराम वस्ताद उठले. या खेपेला त्यांनी टोपी काढली नाही. "साहेब," ते म्हणाले, "आमचा ड्रमवाला जेवतोय."

गाव थांबलं. जीप थांबली. भगवाननं भाकरी संपवली. नंतर त्यानंच मला सांगितलं, दाढा इतक्या दुखत होत्या की पहिलीच कशीबशी उतरली, भूक तर केव्हाच मेली होती. पण त्यानं ताट पुसलं, जीपकडं एकदा नीट बघून घेतलं, आणि साऱ्या कासारगावाला ऐकू जाईल अशा आवाजात आत हाक मारली,

"हौसे, आणखी एक भाकरी टाक गं."